वायर आवाज खाते

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि दर रविवारी माझ्याकडे रेकॉर्डी ऐकायला जमणाऱ्या त्या आठ-दहा जणांना तर नाहीच नाही. आज सांगतोय म्हणजे मन हलकं करायला बसलोय असं समजू नका. माझं मन काही जड नाही. जेवतो, झोपतो, सकाळ-संध्याकाळ गोदेकाठी फेरी मारतो. फक्त परवा नातजावई नव्या म्युझिक सिस्टिमची वायर कापून आखूड करत बसला होता. म्हणाला, तुमचंच तत्त्व ना, आजोबा? आणि मला—काय सांगू—संताप आला. त्याचा नाही.

तर तत्त्व असं, की सेटला वीज आणणारी वायर जितकी लांब, तितका आवाज मार खातो. ‘वायर आवाज खाते’—हे वाक्य माझं. सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हा जुन्या नाशकात ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर होता, त्या सगळ्यांच्या तोंडी ते होतं. लोकांनी कपाटं हलवली. एकाने तर सेटच्या मागेच बोर्ड हवा म्हणून सासूबाईंचे देव उचलून दुसऱ्या भिंतीला नेले, भिंत फोडली. का? तर अप्पा म्हणतात म्हणून. अप्पांना कान आहे म्हणून. आणि होताच मला कान! हे आजही छातीठोकपणे सांगतो. सुई झिजत आलीय हे मी शेजारच्या खोलीतून ओळखायचो.

पण वायरीचं खरं होतं का? नव्हतं. सुरुवातीला माझी चूक झाली, ती प्रामाणिक होती. एकदा लांब वायर जोडली तर स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. आखूड जोडली, गेला. मी मंडळींना छाती फुगवून कारण सांगितलं. सहा महिन्यांनी कळलं की वायरीचा काही संबंधच नव्हता. माझ्या सेटची पिन दोन पायांची होती. ती बोर्डात उलटी गेली की सेट घुमायचा, सुलटी घातली की गप्प. वायर मग हातभर असो नाही तर गल्लीभर. मी काय केलं? बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका पिनेच्या एका बाजूला लावला—ठिपका वर, म्हणजे सुलटी—आणि तोंड बंद ठेवलं. लोकांनी भिंती फोडल्यावर काय तोंडाने सांगणार होतो? इथपर्यंत तुम्ही हसाल. हसा खुशाल.

आता साळवे. सातपूरच्या एका कारखान्यात वायरमन होते, बौद्ध वस्तीत राहायचे, आमच्यातल्या एकाच्या ओळखीने रविवारी येऊ लागले. अबोल माणूस. पण अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडायचे, आणि कान माझ्या तोडीचा. कदाचित माझ्याहून वरचढ—हे कबूल करायला आजही जिवावर येतं. माझ्याकडे त्यांना कधी कुणी उणंअधिक बोललं नाही, सगळ्यांच्या कपात चहा मिळाला, याचाच मी टेंभा मिरवायचो. काय पण मोठेपणा!

त्यांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. छातीच्या दुखण्याने वाद्य सुटलं. मला बऱ्याच उशिरा कळलं, की दर रविवारी बापलेक एका सायकलवरून यायचे. साळवे वर येऊन बसायचे आणि वडील खाली, माझ्या खिडकीखाली, भिंतीला टेकून उभे. दोन-दोन तास. मुलाने वर चला म्हटलं तर म्हातारा ऐकायचा नाही. बँडवाला दारात वाजवतो, घरात शिरत नाही, एवढंच म्हणायचा. जन्मभर तेच केलं होतं त्याने. आमच्या गल्लीतल्या किती वराती त्याने दारापर्यंत आणून सोडल्या असतील!

म्हणून साळव्यांनी एक दिवस विषय काढला. आपण वाचनालयाच्या हॉलमध्ये बसू या का? हॉल कुणाच्या मालकीचा नाही, तिथे बाबा येतील, खुर्चीवर बसतील. गल्लीतली, वस्तीतली आणखीही माणसं येतील. सगळ्यांना पटलं—मला दिसलं ते, सगळ्यांच्या चेहऱ्यावर. पण माझं काय? हॉलमध्ये मी कोण? दहा खुर्च्यांमधला एक. माझं घर, माझा सेट, माझी ती कोपऱ्यातली आरामखुर्ची, ‘अप्पा, आता काय लावता?’ म्हणून वळणाऱ्या त्या माना—सगळं गेलं असतं. आणि लावायचं काय हे बहुतेक साळव्यांनी ठरवलं असतं.

मी म्हणालो, हॉलमध्ये प्लग एकच, तो दाराशी. व्यासपीठापर्यंत तीस फूट वायर ओढावी लागेल. आवाजाची माती होईल.

साळवे शांतपणे म्हणाले, काही होणार नाही. पुढच्या रविवारी तीस फूट वायर घेऊन आले. नीट गुंडाळलेली, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट.

माझा सेट, मीच जोडणार, असं म्हणून मी ती हातातून घेतली. आधी आखूड वायरीवर ऐकवलं. स्वच्छ. मग लांब वायर लावली आणि तिच्या सॉकेटमध्ये माझी पिन खुपसली—ठिपका खाली. अंगठ्याने झाकून. कळून-सवरून. मन कचरलं असेल असं वाटतं ना तुम्हाला? अजिबात नाही.

घूंऽऽ.

मंडळी हसली. कुणीतरी म्हणालं, अरे, खाल्ला की आवाज! मी नुसता मागे टेकून बसलो. साळवे मात्र उठले, सॉकेटपाशी वाकले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “अप्पा, एकदा पिन फिरवून लावू या का?”

त्यांना कळलं होतं. वायरमनला नाही कळणार तर कुणाला?

“आता पुरे, साळवे,” मी म्हणालो. “चहा निवतोय.”

त्यांना फक्त हात पुढे करून पिन उपटायची होती. पण घर माझं होतं. त्यांनी वायर काढली, कोपर ते पंजा अशी गुंडाळली आणि चहा पिऊन गेले. हॉलचा विषय तिथेच मिटला. तुम्ही विचाराल, मी खाली जाऊन म्हाताऱ्याला हाताला धरून वर का नाही आणलं? नाही आणलं. आग्रह करून कुणी बोलावलं असतं तर तो आला असता का? मला माहीत नाही, कारण मी एकदाही खिडकीतून हाक मारली नाही. खिडकी मात्र उघडी ठेवायचो. तेवढ्यावर स्वतःला उदार समजायचो.

साळवे यायचे थांबले. वडील एकटे पायी येत राहिले, वर्षभर तरी. मग दम लागायला लागला तसे तेही दिसेनासे झाले.

ते गेल्याचं कळल्यावर मी भेटायला गेलो. जायलाच हवं होतं असं नाही, पण गेलो. दाराबाहेर सतरंजीवर माणसं बसली होती. साळव्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि नातेवाइकांना सांगितलं, हे अप्पा, बाबा यांच्याच खिडकीखाली उभे राहून ऐकायचे. त्यांची एक म्हातारी आत्या नांदगावहून आली होती. तिने माझ्याकडे निरखून बघितलं.

“मंग बसून नाय ऐकलं व्हय त्यानं कधी?” तिने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. साळवेही. तिथे खरं बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. भीती वाटली का? नाही हो. समोर कोण होतं घाबरण्यासारखं? मला ते खोटं हवं होतं, अजूनही हवं होतं, एवढंच.

“हॉलचं बघत होतो आम्ही,” मी म्हणालो, “पण वायर फार लांब पडत होती.”

आत्याने मान हलवली, तिला पटलं. साळव्यांनी मला खोटं पाडलं नाही. मी खुर्चीवर बसून पाण्याचा पेला संपवला आणि घरी आलो.