आजोबांच्या ट्रम्पेटचं वय

वडील गेल्यावर वलगावचं घर आवरायचं काम माझ्याकडे आलं. अशी कामं माझ्याकडेच येतात. मी पोस्टात काउंटरला बसते, घरीही याद्या करते. कपडे, भांडी, बँकेचे कागद, गॅसची जोडणी, सगळं एकेक करून मार्गी लावलं. ट्रम्पेट तेवढा राहिला.

वडील लग्नाच्या बँडमध्ये होते. हा ट्रम्पेट त्यांच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुरावा म्हणून वडील बोटाने दाबायच्या पिस्टनवर ठोकलेला ५८ हा आकडा दाखवायचे आणि म्हणायचे, "अठ्ठावन्न सालचा आहे."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अकोल्याहून आत्या आली होती, वडिलांची एकुलती धाकटी बहीण. लोक जेवायला बसले तेव्हा तिने मला हाताला धरून ट्रम्पेट टांगलेल्या खुंटीखाली नेलं.

"हा माह्या बाचाच आहे का वं?"

"अप्पा तर तसंच सांगायचे."

"दादा मले खरं सांगत नव्हता. तू शिकलेली आहेस, नीट पाह्य अन् सांग. किती जुना आहे?"

ती हे का विचारते ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तिचं लग्न बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात झालं. आजोबा तेव्हा हयात नव्हते. विशीतल्या माझ्या वडिलांनीच ते लावून दिलं आणि आंदणात पितळेचा मोठा हंडा दिला. नवं भांडं घेताना घरातलं जुनं पितळ दुकानदाराला वजनावर द्यायचं, त्याला आमच्याकडे मोड देणं म्हणतात. आत्या बाळापूरला नांदायला गेली आणि सासूने ऐकवलं, "बापाचा बाजा मोडीत घालून हंडा आनला म्हनतात." हंड्याने पाणी तर रोज भरावंच लागे. आत्या म्हणायची, डोक्यावर पाणी नाही, बा आहे असं वाटते.

पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिने विचारलं. वडील म्हणाले, बाजा दुरुस्तीला दिला आहे. पुढे दुष्काळ सरल्यावर आली तेव्हा तो खुंटीवर होता. तिने हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, बाचा वाटत नाही. वडील म्हणाले, घासला म्हणून तसा वाटते. त्यानंतर तिने किती वेळा विचारलं आणि त्यांनी किती वेळा तेच सांगितलं, याला हिशेब नाही.

मी ट्रम्पेट राजापेठेत माझ्या घरी आणला, ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक भाग सुटा केला. तिन्ही पिस्टनवर ५८ होता, ते ज्या नळ्यांत बसतात त्या नळ्यांवरही ५८ होता. म्हणजे ते साल नव्हतंच. कारखान्यात एका ट्रम्पेटचा पिस्टन दुसऱ्या ट्रम्पेटात जाऊ नये म्हणून घातलेला जोडीचा नंबर होता. कर्ण्याच्या निमुळत्या भागावर वडिलांनी लाल मखमलीची पट्टी शिवून घेतली होती. घामाने हात घसरू नये म्हणून असेल, असं मला वाटायचं. मी टाके उसवले. खाली पितळ काळं पडलं होतं. चिंच आणि मीठ लावून हलक्या हाताने पुसत गेले तशी अक्षरं वर आली. कारखान्याचं नाव झिजलेलं, गावाचं अर्धं, आणि त्यापुढे सहा आकडे.

पोस्टातल्या माणसाला सहा आकड्यांचं आणखी काही सांगावं लागत नाही. पिनकोड बहात्तरच्या पावसाळ्यात सुरू झाला. आत्याचं लग्न त्याआधी झालेलं. हा ट्रम्पेट तेव्हा जन्मालाच आला नव्हता.

नवरा म्हणाला, "जुना आहे म्हणून सांगून टाक. कोण तपासायला येते?" मी विचार केला. पण तिने पाहून सांग म्हटलं होतं, आणि खोटं तर तिला आधीच कोणीतरी सांगून ठेवलं होतं.

रविवारच्या एसटीने ट्रम्पेट घेऊन अकोल्याला गेले. आत्याच्या सुनेने चहा ठेवला. "सकाळपासून गेटवर चकरा चालू आहेत यांच्या. मी माहेरून येते तं एवढी वाट नाई पाहत."

"तू तं वापस येतेच," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सांग."

"तुझ्या लग्नानंतरचा आहे, आत्या. त्याआधीचा असूच शकत नाही."

मी तिचं बोट धरून त्या आकड्यांवरून फिरवलं आणि पिनकोडचं समजावलं.

"म्हंजे सासू खरं बोलत होती."

"हो."

तिने ट्रम्पेट मांडीवर घेतला. मग म्हणाली, "मंग दादानं हा कोठून आनला असन? त्याले तं तवा वाजवताबी येत नव्हतं."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटे, वडील आजोबांकडूनच शिकले.

"कायचं? बा होता तवा दादा बाज्याले हात लावत नव्हता, लोकं हासतात म्हने. हा खुंटीवर आला अन् मंग शिकला. मी पुसू नये म्हनून शिकला असन." तिने पदर डोळ्याला लावला. "अन् मी त्याले जलमभर खोटारडा म्हनत रायली."

"खोटंच बोलत होते ते," मी म्हणाले. माझ्या तोंडून तेच निघालं.

"हो ना वं."

सून जेवायचा आग्रह करत होती. माझी परतीची गाडी होती. मी म्हटलं, ट्रम्पेट इथेच राहू दे. आत्याने तो उचलून माझ्या हातात दिला.

"ने तू. हा तुह्या बापाचा आहे. मले माह्या बापाचा पाह्यजे होता."

गेटपर्यंत सून आली. आत्या आली नाही.