पेटीला न पटलेला उन्हाळा

दोंडाईच्याहून फोन आला तेव्हा मी जळगावला शाळेत, सातवीच्या वर्गावर होते. सुधाभाऊ गेला. दुकानात, मिरचीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या गेला म्हणे... ज्या दुकानातून सुटायचं म्हणून इतकी धडपड केली, शेवटी तिथेच गेला, याचा मला आधी राग आला. रडू मागाहून आलं. दीड महिना होत आला तरी तो राग पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

सुधाभाऊ माझा आत्तेभाऊ. त्याची आई माझी फुई. आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. पुण्यात इंजिनिअर झाला, तिथेच एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघू लागला, आणि वडील अंथरुणाला खिळले म्हणून थोड्या दिवसांच्या रजेवर आला तो आलाच. वडील गेले, दुकान राहिलं, फुई एकटी राहिली. त्याने कधी कुरकुर केली नाही. फक्त स्टेशनात गाडी शिरली की बोलता बोलता थांबायचा आणि ती सुटेपर्यंत तिकडेच कान लावून बसायचा. तुझं तिकीट काढून ठेवू का, असं मी चिडवायचे. तो हसायचा, पण त्या हसण्यात दम नसायचा.

मग शेजारच्या नानांच्या मुलाने आखातातून एक मोटार आणली. तिच्या इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे एक छोटी कॉम्प्युटरची पेटी ठरवायची. गाडी पहाटे झकास पळायची, पण वैशाखातल्या दुपारी बैलगाडीसारखी रांगायची. धुळ्याच्या मेकॅनिकांनी हात टेकले. सुधाभाऊने बॉनेट उघडून, हवा आत घेणाऱ्या नळीवर ओलं फडकं गुंडाळलं आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. मला म्हणाला, "हाई पेटीले आपला उन्हाया खोटा वाटस." थंड मुलखात बनलेली ती पेटी. इतकी गरम हवा असूच शकत नाही, हवा मोजणारा भागच बिघडला असणार, असं समजून ती इंजिन जपून चालवायची. आता ती हे नेमकं कुठे ठरवते ते शोधायचं होतं. आतल्या चिपमध्ये सगळे हुकूम आकड्यांत भरलेले, आणि कुठला आकडा कशाचा हे सांगायला कोणी नव्हतं. त्याने नानांकडून पेटी मागून घेतली आणि तिची चिप बसवून वाचायला बटणं आणि बारके दिवे जोडून एक यंत्र केलं. एकेक आकडा वाचायचा, कागदावर उतरवायचा, त्याचा अर्थ लावायचा. पुण्याच्या जुन्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, ही पेटी उलगडून दाखव आणि कामावर ये, आईलाही घेऊन ये. इतक्या वर्षांत दार पहिल्यांदाच किलकिलं झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निम्मी चिप वाचून झाली आणि तेवढे कागद दाखवायला, चिप यंत्रातच ठेवून, तो आठवडाभर पुण्याला गेला.

त्या चिपच्या पाठीवर नखाएवढी काचेची खिडकी असते. तिच्यातून ऊन लागत राहिलं की आत लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून वर कागद चिकटवतात. हे फुईला कसं ठाऊक असणार? तिच्या लेखी ऊन म्हणजे औषध. मिरच्या, गोधड्या, पापड, वर्षाचं धान्य, सगळ्याला ऊन दाखवलं की ते टिकतं. तिने लेकाचं यंत्र मायेने पुसलं, काचेवरचा मळका कागद खरवडून काढला आणि मिरच्यांच्या शेजारी रोज अंगणात मांडलं.

तो परतला त्या दिवशी मी तिथेच होते. त्याने यंत्र लावून पाहिलं. उरलेल्या निम्म्यात प्रत्येक ठिकाणी सगळे दिवे सारखेच लागत होते. चिप कोरी झाली होती. ओट्यावर बसून त्याने मला सगळं सांगितलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, "तिले सांगू नको." नानांना त्याने सांगितलं, पेटी माझ्या हातून बिघडली. नाना वर्षभर बोलले नाहीत. गाडी भंगारात गेली. अशी दुसरी गाडी उभ्या खानदेशात नव्हती, आणि पुण्याच्या साहेबांनी दुसरा माणूस घेतला. सुधाभाऊने कोऱ्या चिपवर पुन्हा कागद चिकटवला आणि दुकानात जाऊन बसला. मी भांडले त्याच्याशी. एकदा तरी ओरड, म्हटलं. आईवर नको, निदान भिंतीवर ओरड. तो मिरच्या निवडत राहिला.

गेल्या आठवड्यात फुईकडे गेले होते. अंगणात वाळवण होतं. त्याचे कपडे, गादी उन्हात टाकावी म्हणून मी खोलीतून एकेक आणत होते आणि त्यांच्याबरोबर ते यंत्रही आणून ठेवलं. चिप तशीच वर बसवलेली होती. फुई ताडकन उठली. गुडघे धरून चालणारी बाई, पण धावत आली आणि तिने यंत्रावर पदर टाकला.

"हाई उनमा ठेवतस नही, माय. तुम्ही वट्टावर बोली ऱ्हायन्थात तवय मी मझारच व्हतू."

आत बसून तिने तेव्हाच सगळं ऐकलं होतं. मग त्याला कधी बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"तो बोलना नही, मंग मी कशी बोलू?"

इतकी वर्षं एका घरात, एका ताटाशी बसून दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली... माझा राग कुणावर होता तेच मला कळेना. त्या चिपमध्ये पुसण्यासारखं आता काही उरलेलं नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तरी यंत्र पदराखाली घेऊन, त्याच्यावर ऊन पडू न देता, ती ते आत घेऊन गेली.