झोपलेला सेनापती

तुझा आवडता सिनेमा कोणता, असं कुणी विचारलं की मी लहानपणापासून एकच सांगत आले. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. कुठल्याशा प्राचीन राज्यातला सेनापती, दगडी तटबंदीचं शहर, रथ, उंट, तांब्याच्या ढाली, असा तो भलामोठा इंग्रजी सिनेमा होता. मी तो एकदाच पाहिला होता. आण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा लष्करात ड्रायव्हर होते आणि आम्ही पंजाबात त्यांच्या युनिटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शनिवारी संध्याकाळी मैदानात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत. मराठी कुटुंबं सतरंज्या अंथरून एका बाजूला बसायची. इंग्रजी कुणालाच येत नसे. ज्याला जे समजेल ते तो बाकीच्यांना मोठ्यानं सांगायचा.

मला माहीत असलेली गोष्ट अशी. सेनापती लढाईत शत्रूच्या हाती सापडतो. ते त्याला खाणीत दगड फोडायला लावतात. बरीच वर्षं जातात. मग तो सुटतो आणि मोठं सैन्य घेऊन आपल्या शहराकडे निघतो. इकडे त्याची बायको रोज तटावर चढून वाट बघत असते. तो वेशीपाशी पोचतो तोवर अंधार पडतो. त्याला रस्ता दिसावा म्हणून ती तटावर मशाल लावते. आणि उजाडतं तेव्हा सेनापती वेशीबाहेर घोड्याच्या पायाशी आडवा झालेला असतो. इतक्या लांबून आला, दमला, वेस उघडेपर्यंत तिथंच झोपी गेला. हे दिसलं तेव्हा आण्णा काय म्हणाले तेही मला पाठ होतं. "दमलाय गडी. निजू द्या त्येला."

माझ्या मुलीला भरवताना मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल! घास संपले नाहीत तर सेनापतीला आणखी एखादी नदी ओलांडायला लावायचे. ती आता शिरवळला कारखान्यात नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी ती माधवनगरला आमच्याकडे आली आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आई, तुझा सेनापती सापडला." तिनं इंटरनेटवर जुन्या सिनेमांच्या नादी लागलेल्या लोकांना गोष्ट सांगून विचारलं होतं, आणि कुणीतरी ओळखला होता. त्यात पडद्यावर खाली हिंदी अक्षरं येत होती, त्यामुळे मलाही कळणार होतं. दुपारची जेवणं उरकून आम्ही दोघी टीव्हीपुढे बसलो.

पहिला तासभर मी नुसती खूश होते. एक पाय पांढरा असलेला तो घोडा तसाच. तटबंदी तशीच. मी मुलीला पुढचं आधीच सांगत होते, "आता बघ, रथाचं चाक निखळेल," आणि चाक निखळायचं. मग खाण आली. खाणीत शत्रूचा राजा त्याला भेटायला येतो, दोघं बराच वेळ बोलतात. हे बोलणं मला आठवत होतं, पण त्यात काय होतं ते कधी कळलंच नव्हतं. खाली अक्षरं आली. सेनापती म्हणत होता, तुझं सैन्य मला दे, माझ्या शहरात शिरायची वाट मी दाखवतो.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "आई, हा तर फितूर झाला!"

"थांब, मागं घे जरा," मी म्हणाले. तिनं मागं घेतलं. पुन्हा तेच.

त्याच्या मागून येत होतं ते सैन्य शत्रूचं होतं. तो बायकोला गुपचूप निरोप धाडतो, की तू एकटी माझ्यासाठी वेशीचा दिंडी दरवाजा उघड. पण मागचं सैन्य शत्रूचं आहे हे तिला कळलेलं असतं. ती तटावर जाते. शेजारच्या म्हाताऱ्या सरदाराला सांगते, मी मशाल लावली की बाण सोडा. आणि लावते. बाण लागताना दाखवतच नाहीत. एकदम सकाळ होते, तो घोड्याच्या पायाशी पडलेला असतो, आणि वेशीवरचा शिपाई म्हणतो, "मर गया ग़द्दार."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कशाला आले ते मला आठवेना. वाईट वाटत होतं असंही नाही. हा दुसराच सिनेमा असेल, असं क्षणभर वाटलं, पण सगळी चित्रं तीच होती. घोडा, मशाल, तिच्या कानातली लांब कुंडलं. एकही चित्र बदललेलं नव्हतं. बदललं होतं फक्त काय घडलं ते. मग आण्णांनी आम्हाला असं का सांगितलं? त्यांना समजलं नव्हतं, की समजून त्यांनी बदललं?

"उद्या आबांनाच विचारू," मुलगी म्हणाली. आण्णांना ती आबा म्हणते. तिला परत शिरवळला जायचंच होतं आणि वाटेत उंब्रज लागतंच. रविवारी सकाळी तिच्या गाडीतून आम्ही दोघी माझ्या माहेरी गेलो.

आण्णा ओसरीवर पाय पसरून पेपर वाचत होते. निवृत्त झाल्यापासून ते ऊस बघतात आणि पेपर वाचतात. मी चहा व्हायच्या आधीच विषय काढला. सिनेमा त्यांना लगेच आठवला.

"उंटाचा नव्हं? बघितलाय की. लय मोठा सिनेमा. फितुराचा."

मी चमकले. "म्हणजे तो फितूर होता हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? शत्रूचं निशाण घिऊन आला की त्यो. भाषा कळली न्हाई तरी निशाण कळतंय."

"मग आम्हाला तो झोपला असं का सांगितलंत? 'दमलाय गडी, निजू द्या त्येला,' असं म्हणाला होतात तुम्ही."

आण्णांनी पेपर खाली ठेवला. त्यांना राग आला होता. "मी आसं म्हणंन? आगं, मी फौजेत हुतो. पडलेला मानूस मेलाय का निजलाय, येवढं मला कळत न्हाई?"

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं आतून ऐकलं होतं. "आवं, तुमी तवा आमच्यात बसलावता कुटं? तुमी जनरेटरपाशी हुता. पोरांना इष्टोरी मी सांगत हुते."

"मग तू म्हणालीस का, दमलाय गडी?" मी विचारलं.

"मी 'गडी' म्हणीन व्हय? आनि शेवट कुनी बघितलाय? तिनं मशाल लावली आनि लाइटच गेली. समदी उठून घरला आलो."

"मिलिटरीत लाइट जात न्हाई," आण्णा म्हणाले.

"गेली हुती. आंधारात माझी चप्पल हारवली."

आता मला काहीच समजेना. लाइट गेली असेल तर घोड्याच्या पायाशी पडलेला सेनापती मी पाहिलाच कसा? तो तर सिनेमात आहे, कालच पुन्हा पाहिला. मी तसं म्हणाले तर आई म्हणाली, "मग कवातरी दुसरीकडं बघितला आसशील." कुठे, ते तिला सांगता येईना आणि मलाही.

मुलीनं फोन त्यांच्या टीव्हीला जोडला आणि शेवटचा भाग लावला. चौघंही बघत बसलो. आण्णा खालची हिंदी अक्षरं मोठ्यानं वाचत होते. बायको तटावर आली तशी आई पुढे सरकून बसली.

"बगा, वाट बघतीया त्येची."

"आगं, खाली वाच की. बान सोडा म्हनतीया."

"खालचं कशाला वाचू? तिच्या तोंडाकडं बगा."

मीही तिच्या तोंडाकडे बघितलं. हातात मशाल, डोळ्यांत पाणी. ती नवऱ्याला मारते आहे हे मला माहीत होतं, आणि ती त्याची वाट बघते आहे हेही दिसत होतं. मी मुलीला पुन्हा मागं घ्यायला लावलं. काही फरक पडला नाही.

सेनापती पडलेला दिसला तेव्हा आण्णा पुढे वाकले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्यो म्हनला आसंल."

"कोण?"

"हुता एक आमच्यातला. सांगलीकडचा, हसरा. बाप माधवनगरच्या गिरणीत कामाला हुता त्येचा. लगीन झालं नव्हतं, पोरांच्यात बसायचा. समद्यांना गडीच म्हनायचा, सायबाच्या कुत्र्याला बी." ते माझ्याकडे वळले. "तू त्येच्याच मांडीवर बसायचीस की."

मला असा कुणीच आठवत नव्हता. ना चेहरा, ना नाव. आण्णांनाही नाव आठवेना. तो कुठे असतो म्हणून विचारलं तर म्हणाले, "गेला त्यो. आपन तितनं बदलून आलो, मागनं बातमी आली." कसा गेला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मुलीसमोर मीही विचारलं नाही.

"त्यो तर पुढल्या वर्साला आलावता," आई म्हणाली. "ह्या सिनिमाला त्यो नव्हताच."

"हुता."

"नव्हता."

एवढ्यात शेतातल्या मोटारीची लाइट आली. आण्णा टॉवेल खांद्यावर टाकून उसाला पाणी द्यायला निघून गेले. आईनं कप उचलले. मुलगी जेवून शिरवळला गेली. मी दुपारच्या एसटीनं परत आले. कराड मागे पडेपर्यंत मी डोळे मिटून तो आवाज पुन्हा ऐकायचा प्रयत्न करत होते. आवाज येत होता, पण आता तो आण्णांचाच आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येईना. इतकी वर्षं मी तो आण्णांचा म्हणून जपला होता. दुसऱ्या कुणाचा असेल तर त्या माणसाला माझ्याशिवाय आठवणीत ठेवणारं कोण होतं, आणि मी तर त्याचं तोंडही विसरले होते.

माधवनगरमध्ये मी विचारून बघितलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांची हयात गिरणीत गेली. आवं आजोबा, गिरणीतल्या कुणाचा मुलगा मिलिटरीत होता का, असं विचारलं.

"कोनाचा?"

"नाव माहीत नाही. हसरा होता म्हणे. लवकर वारला."

त्यांनी बराच विचार केला. "मिलिटरीत लय पोरं गेली हितली. हसरं म्हटलं तर समदीच हसरी हुती. तुमचे कोन लागायचे?"

कुणी नाही म्हणायला जीभ वळेना, आणि काहीतरी लागायचे म्हणावं तर कोण? "आमच्या वडिलांच्या बरोबरचे," असं म्हणून मी भाजीला निघून गेले.

परवा मुलीचा फोन आला होता. तिच्या खोलीवरच्या मैत्रिणींना तिनं सिनेमा दाखवला. त्यांना आवडला. "शेवट त्यांना तुझा सांगू का खरा, असं झालं होतं मला," ती म्हणाली.

"मग कुठला सांगितलास?"

"काहीच नाही. त्या वाचत होत्या ना खालचं."

मी बरं म्हणाले आणि ती जेवली का ते विचारलं.