भोंग्याकडे पाठ करून उभी राहणारी गयामावशी

आधी नाव लिहितो, मग बाकीचं. गयामावशी. उदगीरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिचं साउंडचं दुकान होतं, ती. आज घरापासून इतक्या लांब, चाकणच्या कारखान्यात मी ताठ मानेनं उभा आहे, ते तिच्यामुळे. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिताना कुठे चुकेल याची धास्ती वाटते. पण ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना ती कळायला हवी.

भोंगा तपासायचा झाला की मावशी त्याच्याजवळ कधी थांबायची नाही. माईक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, "बोल" म्हणायची आणि पदर खोचून गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, विहाराच्या पायरीपर्यंत चालत जायची. तिथे आमच्याकडे पाठ करून उभी राहायची. शब्द न् शब्द कळला तर उजवा हात वर. नाही कळला तर मुकाट्यानं परत यायची आणि म्हणायची, "जवळून समदेच चांगले वाजतेत. लांबून ऐकावं लागतं." नवरा गेल्यावर दुकान मोडायला सांगायला आलेल्या दिराला तिनं माईकवरूनच उत्तर दिलं होतं. गल्लीत ते सगळ्यांना पाठ होतं: "भावजी, तिथूनच माघारी जावा."

मी मूळचा मुखेडकडचा. उदगीरला खोली करून मोटारसायकलवर खारी-टोस्ट विकायचो. हँडलला एक बारका स्पीकर बांधलेला, धंद्यापुरता. त्या साली दुष्काळानं नळ कोरडे पडले. टँकर यायचा, पण मोठ्या रस्त्यावर एका पुढाऱ्याच्या दारात थांबायचा. आमच्या गल्लीला कळेपर्यंत पाईप गुंडाळून झालेला असायचा. त्याच दिवसांत उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून रॅल्या निघत होत्या आणि स्पीकर लावलेल्या मोटारसायकली घोषणा देत दिवसभर फिरत. विहारात बसून गल्लीनं ठरवलं, गाडी याच्याकडे आहे, तर टँकर दिसला की यानंच सांगत यावं. मला चारचौघांत नाव सांगायलाही घाम फुटायचा. पण नाही म्हणायची हिंमत त्याहून कमी होती.

बारक्या स्पीकरनं भागणार नव्हतं. मी लातूर गाठलं. दुकानदारानं एक गाणं लावलं, छाती हादरली आणि मी भुललो. हा एवढा मोठा ॲम्प्लिफायर आणि दणका देणारे दोन स्पीकर गाडीला बसवून आणले. मावशीला विचारलंसुद्धा नाही. लातूरचं म्हणजे भारीच असणार.

टँकर आला. मी आवाज पूर्ण सोडला आणि ओरडत गल्लीत शिरलो. धडधड ऐकून लोकांना वाटलं, आणखी एक रॅली आली. खिडक्या लागल्या. एका म्हाताऱ्यानं तेवढं दार किलकिलं करून विचारलं, "झाला का रं जिल्हा?" मी टँकर, टँकर म्हणत राहिलो, पण त्या दणक्यात शब्द कुणाला कळेना. त्या दिवशीही घागरी रिकाम्याच राहिल्या. वर गाडीही सुरू होईना. ढकलत मावशीच्या दारात आणली.

"लग्नाला निघालास का पाण्याला?" तिनं विचारलं.

"लातूरहून आणलंय मावशी. लई भारी हाय."

"भारी हाय की. पोटात वाजलं. कानात काय आलं न्हाई." तिनं ॲम्प्लिफायरवर टिचकी मारली. "तुझ्या गाडीची बॅटरी केवढी अन् याची तहान केवढी? समदी पिऊन बसलंय."

मग तिनं बाजेवर तिच्याकडचे ॲम्प्लिफायर मांडले आणि गाडीच्या बॅटरीला झेपेल तो, सगळ्यात बारका, उचलला. भोंगे मात्र एकामागून एक लावले. दर वेळी पायरीपर्यंत जायची, पाठ करून उभी राहायची आणि परत यायची. एका भोंग्यातून तिला नुसतं टँ-टँ ऐकू येत होतं. एकाचा आवाज मोठा, पण फाटका. मला तर तिथे उभ्या उभ्या सगळेच सारखे वाटत होते. जो तिला पटला तो तिनं कॅरिअरवर बसवला, तोंड मागे करून.

"मावशी, उलटा बसला की."

"पुढच्याला गाडी दिसती. जे मागं राहिलं त्याला ऐकू गेलं पाहिजे. अन् तुझा माईक समोर, म्हणून भोंग्याचा आवाज त्यात शिरून शिट्टी बी वाजणार न्हाई."

"माझाच आवाज थरथरतो, त्याचं काय?"

"थरथरू दे. शब्द खाऊ नको. अन् नुसतं पाणी आलं म्हणू नको. कुणाच्या दारात थांबलंय, ते बी सांग."

मी घाबरलो. तिनं पाठ फिरवली आणि चालू लागली. मी माईकवर ते पुढाऱ्याचं नाव कसंबसं घेतलं. पायरीवर उजवा हात वर गेला.

पुढच्या खेपेला टँकर येताच मी नाव घेऊन सांगत गल्लीभर फिरलो. दारं उघडली. घागरी, कॅन, हाताला येईल ते घेऊन बाया मोठ्या रस्त्याकडे धावल्या. मीही मागोमाग पोचलो, तोच पुढाऱ्याच्या माणसानं माझ्या गाडीची किल्ली उपसली.

"भोंग्याची परवानगी हाय का रं?"

पाठीमागून मावशी आली आणि तिनं माझ्या हातातला माईक घेतला. किल्ली काढल्यावर भोंगा बंद पडायला हवा होता, पण तिनं वायर थेट बॅटरीला जोडलेली होती.

"हे दादा परवानगी इचारायलेत," तिचा आवाज रस्ताभर घुमला. "तहानेची परवानगी कोणच्या खिडकीत मिळती, तेवढं सांगा दादा. समदे ऐकायलेत."

दादांनी किल्ली मावशीच्या हातात दिली. बाया टँकरला वेढून उभ्या होत्या. ड्रायव्हरनं गुपचूप गाडी सुरू केली आणि टँकर आमच्या गल्लीत, विहाराच्या पायरीपाशी आणून लावला. पुढे तो तिथेच थांबू लागला. मावशी हसली नाही. किल्ली माझ्या हातावर ठेवत एवढंच म्हणाली, "वायर थेट कामून जोडली, कळलं का आता?"

जिल्हा झाला की पाण्याचं भलं होईल, असं लोक म्हणत. ती म्हणायची, "होऊ दे की. तवा बी साहेब लांबच बसणार. आवाज आपल्यालाच पोचवावा लागंल."

चाकणला आलो तेव्हा ठेकेदारानं आमच्या पाळीची जेवणाची सुट्टी बंद केली. कुणी बोलेना. मी उठलो. आवाज थरथरत होता. शब्द खाल्ले नाहीत. सुट्टी परत मिळाली. त्या दिवशी तिला फोन केला, तर ती सारखं "आं? आं?" करत राहिली. इतकी वर्षं भोंग्यांत काढलेले कान आता गेलेत. मग तिच्या लेकीनं फोन घेऊन सांगितलं, मशीनसाठी तिला नांदेडला नेलं होतं. तिथला माणूस टेबलापलीकडून बोलला, मावशीला सगळं ऐकू आलं आणि तिनं मशीन काढून टेबलावर ठेवलं. "जवळून समदेच चांगले वाजतेत," म्हणाली आणि उठून आली. तेव्हापासून मशीनचं नावच काढू देत नाही.

मावशी, मी येतोय. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी, पण येणार. तुला नांदेडला नेईन आणि असतील नसतील तेवढी मशीनं तुझ्या कानाला लावून बघेन. दुकानात बसून नाही. तुला बाहेर रस्त्यावर पाठ करून उभी करीन, दुसऱ्या टोकाला जाईन आणि तिथून तुझं नाव घेईन, माईक न धरता. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. तुझा उजवा हात वर जाईपर्यंत मी हलणार नाही.