पिवळा ठिपका

सगळे तिला पान्हाताई म्हणत. आधी कुचेष्टेनं म्हणत, आता गाडी अडली की काकुळतीनं म्हणतात. तीस वर्षं तिच्या खिशात दहाचा पान्हा आहे. घराची किल्ली विसरेल, पान्हा विसरणार नाही.

त्या दिवशी सकाळी ती दातांच्या डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये उभी होती. समोर ती लाल हॅचबॅक. दिसायला घरगुती छोटी गाडी, पोटात मात्र शर्यतीचं इंजिन. कंपनीनं तीनशेच बनवल्या. हिच्या डॅशबोर्डवरच्या पट्टीवर आकडा होता दोनशे सतरा. चौदा वर्षांत धावली नऊशे बारा किलोमीटर. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा डॉक्टरांनी काढलं नव्हतं. "उद्याचा दागिना आहे हा," ते म्हणायचे. गाडी चालवायची असते, हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं.

तो उद्या आज उजाडला होता. अकराला जुन्या गाड्या विकत घेऊन जमवणाऱ्या एक बाई गाडी बघायला येणार होत्या.

"डॉक्टर, टायमिंग बेल्ट बदलल्याशिवाय किल्ली फिरवू नका. दरवर्षी सांगतेय."

"नऊशे किलोमीटरमध्ये बेल्ट झिजतो का?"

"रबर आहे ते. उभ्या उभ्या म्हातारं होतं. तुटला तर पिस्टन वर जाऊन व्हॉल्व्ह वाकवतील. मग इंजिन कुठलं ओरिजिनल आणता?"

"आणि बोल्ट खोललास की त्यावरचे कारखान्यातल्या रंगाचे पिवळे ठिपके तडकतील. एक ठिपका गेला की गाडी कुमारी राहिली नाही, असं म्हणतात हे लोक."

"गाडीचं लग्न लावताय का?"

डॉक्टर हसले नाहीत. तेवढ्यात बाई आल्याच. पांढरे आखूड केस, हातात टॉर्च. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून दारांच्या कडा पाहिल्या आणि म्हणाल्या, "आवाज ऐकवा."

डॉक्टरांनी किल्ली पान्हाताईपुढे धरली. "तूच लाव. तुझ्या हाताला ओळखते ती."

ताईला हा गोडवा पाठ होता. पूर्वी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये साहेब असंच म्हणाला होता, लाव किल्ली, काही होत नाही. तिनं लावली. इंजिन गेलं. साहेबाचा हुकूम तोंडी होता, तिचा दोष मात्र लेखी निघाला. नोकरी गेली ती गेलीच. वर दोन वर्षं गावभर बोभाटा, बाईच्या हातात गाडी दिली की असंच होणार. ते नाव धुऊन काढायला तिनं आयुष्य घासलं होतं. किल्ली घेतली आणि बेल्ट तुटला तर आजही हात तिचाच दिसणार होता.

"मी नाही लावणार."

"गाडी माझी आहे," डॉक्टर दातांतल्या दातांत म्हणाले आणि स्वतःच आत बसले. प्लास्टिक करकरलं. बॉनेट उघडंच होतं. ताईनं खिशातला पान्हा काढला. एक आटा, दुसरा आटा. डॉक्टरांनी किल्ली घातली. तिनं बॅटरीची वायर उचलून बाजूला केली.

किल्ली फिरली. काहीच झालं नाही.

"हे काय केलंस?" डॉक्टर दार ढकलून बाहेर आले. "माझ्या दारात उभं राहून माझी चौदा वर्षं बुडवतेस?"

"वाचवतेय. ओरडा नंतर."

बेल्टवरच्या प्लास्टिक झाकणाचा वरचा भाग नुसत्या क्लिपांवर होता, बोल्टला हात लागत नव्हता. तिनं तो उचलला. बाईंनी टॉर्च मारला. बेल्ट काळाभोर, नवा वाटावा असा. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर विजय उमटायला लागला. आपण चुकलो असलो तर? तिनं अंगठ्यानं बेल्ट हलकेच पिळला. बारीक बारीक भेगा तोंड उघडत गेल्या आणि रबराचा एक दाता तुटून तिच्या तळहातावर पडला.

आता ओरिजिनल बेल्टही तिच्याच हातून तुटला होता.

बाईंनी तो दाता उचलून टॉर्चखाली धरला. "बदला. जुना बेल्ट आणि हा तुकडा पिशवीत घालून मला द्या. आणि एक कागद हवा. कुठला बोल्ट खोलला, कधी, का, कोणी. तो गाडीच्या फाइलमध्ये राहील."

"लिहिणार कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"काम करेल तो."

पान्हाताईनं कागदावर ‘कोणी’च्या पुढे आपलं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक अक्षरांत, पेन कागदात रुतेल इतकं दाबून. मग पहिल्या बोल्टला पान्हा लावला. डॉक्टरांनी खुर्चीतल्या पेशंटसारखे डोळे गच्च मिटून घेतले.

"दुखणार नाही," ती म्हणाली आणि जोर लावला. पिवळा ठिपका तडकला.