तेलंगीण अक्काची झील

तेलंगीण अक्का गाण्याची एक ओळ म्हणायची, मग पदर सावरत फुलांच्या पलीकडं धावायची आणि त्या ओळीला आपणच उत्तर द्यायची. पुन्हा अलीकडं येऊन ओळ, पुन्हा पलीकडं जाऊन उत्तर. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं, ओढ्याकाठी एकटीच फेर धरताना. धुणं धुणाऱ्या बायका हसत होत्या. "दोघींचं काम एकटीच करतीया गं!" कोणीतरी म्हणालं. अक्काही हसली. तिला तेव्हा मराठी येत नव्हतं, पण हसणं कळत होतं.

ती आणि तिचा नवरा मल्लय्या तेलंगणातून, करीमनगरच्या बाजूनं आमच्याकडं आले होते. राज्य एकाच निजामाचं, पण आम्हाला ती परमुलखातलीच माणसं. आमचं गाव तामलवाडीजवळ, सोलापूरकडच्या इंग्रजी हद्दीला लागून. मल्लय्यामामा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून खड्डामागावर लुगडी विणायचा, अक्का कांड्या भरायची. ती सगळ्यांना अक्का म्हणायची, तिच्याहून लहान असलेल्या माझ्या आईलासुद्धा. म्हणून तीच सगळ्यांची अक्का झाली.

सर्वपित्री अमावास्येला त्यांच्यात बायका परातीत फुलांचं शिखर रचतात, तीच त्यांची देवी. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे तुरे, थरावर थर. ज्या तरवडाला आमची शेळी तोंड लावत नाही, तो अक्का बांधावरून ओंजळी भरभरून आणायची. मग ते शिखर मधे ठेवून टाळ्या वाजवत फेर धरायचा आणि शेवटी पाण्यात सोडायचं. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी 'उय्यालो' म्हणायचं. उय्यालो म्हणजे झोका. आमच्याकडं गोंधळात झीलकरी मागून झील धरतात, तसंच ते. "झील नसला तर ओळ खाली पडतो," अक्का म्हणायची आणि हातातून भांडं सुटल्यासारखा हात करायची.

मी फार लाजरी. शाळेत हजेरी घेताना 'हाजिर' म्हणायचे तेही ओठांतल्या ओठांत, त्यामुळं चार इयत्तांत निम्मे दिवस माझी गैरहजेरीच लागली. अशा मुलीला अक्कानं झीलकरी म्हणून निवडलं.

"बिड्डा," ती म्हणाली. त्यांच्यात लेकराला बिड्डा म्हणतात. "मी बोलते, तू झोका दे."

"मला लाज वाटती."

"तोंड नको दाखवू. फुलाच्या मागं राहा. नुसता आवाज दे."

मी परातीमागं दडून उभी राहिले. तिनं ओळ म्हटली आणि थांबली, उचललेला पाय तसाच. रागावली नाही, पुन्हा म्हण म्हणाली नाही. मी ओठ हलवेपर्यंत एका पायावर उभी राहिली. दुसऱ्या वर्षी माझा आवाज ओढ्यापलीकडं गेला. आईनं धुण्यातून मान वर केली. "ही आमची व्हय?" तिनं शेजारणीला विचारलं.

अक्काच्या ओळींत तिचं माहेर असायचं, तिथली विहीर, भावजया. हळूहळू आमचं गावही त्यात शिरलं. एकदा आई म्हणाली, "आज माझ्याकडं बघून काय गायलीस?"

"तुझी म्हैस लाथ मारते, ते सांगितलं."

"तुझ्या देवीला माझी म्हैस कशाला सांगायची?"

"देवीला दूध पाहिजे, तर म्हशीची चौकशी नको?"

आईनं त्या दिवशी तिला गडवाभर दूध दिलं.

"ओळी पण शिक," अक्का दर वर्षी म्हणायची. मी म्हणायचे, "पुढल्या साली." मला त्या गाण्यातला एकच शब्द येत होता.

मग रझाकारांच्या धास्तीचं साल आलं. गावंच्या गावं हद्दीपलीकडं निघाली. आमची गाडी जुंपली तेव्हा आईनं अक्काला चल म्हटलं. मल्लय्यामामा मागावरून उठेना. "लुगडं अर्धं हाय. संपवून येतो." अक्का दारात उभी राहिली. ती दोघं हद्दीपलीकडच्या आमच्या छावणीत कधीच आली नाहीत. आई येणाऱ्या प्रत्येक गाडीला विचारायची. कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढं हिंदुस्थानी फौजा नळदुर्गच्या रस्त्यानं आत गेल्या, निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही गावी परतलो. मी आधी अक्काच्या घरात डोकावले. माग नव्हता. नुसता खड्डा उघडा होता. कुणी म्हणे गेले, कुणी म्हणे मारले. त्यानंतर पंधरा दिवसांत अमावास्या आली.

मी कुणाला न सांगता तरवड तोडून आणला. शिखर वेडंवाकडंच झालं. दिवस कलताना ओढ्यावर गेले आणि मग ध्यानात आलं, मला ओळ येत नाही. काय करणार? मी 'उय्यालो' म्हटलं, ओळीइतका वेळ थांबले आणि पुन्हा 'उय्यालो' म्हटलं. बायका बघत होत्या, पण या वेळी कोणी हसलं नाही.

असं किती वेळ झालं कोण जाणे. मी थांबले होते तेवढ्यात गाडीवाटेवरून ओळ आली.

मी वळले नाही. आधी 'उय्यालो' म्हटलं, मग वळले. अक्का होती. डोक्यावर गाठोडं, पाय धुळीनं पांढरे. ती म्हणत म्हणतच खाली उतरली. सगळं गाणं पुरं होऊन फुलं पाण्यात सोडेपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही. मग मी तिला मिठी मारून रडले.

"मामा?"

"हाय. सोलापुरात, त्याच्या भावाकडं. माग पण नेला. अर्धा लुगडा तसाच गुंडाळून नेला."

सोलापुरात तेलंगी साळ्यांची आळीच आहे. तिथं आज चाळीस बायका फेर धरतात, ती म्हणाली.

"मग इथं कशाला आलीस, अक्का? एवढं चालत?"

"तिथं झील लई हाय," ती म्हणाली. "इथं ओळ कोण म्हणणार?"

ती चार दिवस आमच्याकडं राहिली. ती सांगायची आणि मी चौथीच्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहून घ्यायचे, म्हशीची ओळसुद्धा. मग ती सोलापूरला गेली ती कायमचीच. पुढं तिची भेट झाली नाही, पण ती सुखरूप पोचली, मागही चालू आहे, असा निरोप आला. त्या दिवशी आई पोटभर जेवली.

लग्नानंतरही मी अमावास्येला लहानशी परात रचते. घरामागं कोणी नसताना ओळ म्हणते आणि पलीकडं जाऊन आपणच उत्तर देते. यंदा गुडघ्यांमुळं पलीकडं पोचायला वेळ लागला. तेवढ्यात दारामागून हळूच 'उय्यालो' आलं. नवी सून. येऊन चार महिने झाले, तिचा आवाज अजून कुणी धड ऐकलेला नव्हता.

मी वळून पाहिलं नाही. पुढची ओळ म्हटली.