कुंकवाची तार

“यातली कुंकवाची कुठली गो, बाय?” असे मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी विचारले आणि मी त्यांच्या हातावर केरसुणी हाणली.

माझा नवरा जाऊन वर्ष झाले नव्हते. कपाळ मोकळे. त्यात हा पन्नाशीचा परका माणूस दोन तारा नाकाशी धरून मला कुंकवाचे विचारतो. तुमच्यातल्या कोणीही हाणली असती. मिस्त्रींनी हात चोळला आणि म्हणाले, “बरं. मंग पिकल्या मिरचीची कुठली?”

ही गोष्ट शहापूरची, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. आमच्या शेठची भाताची गिरणी होती. गिरणीच्या इंजिनावर वीज निघे आणि मागच्या राहत्या घरात दिवे लागत. मी त्या घरात केरवारा नि कांडण करत असे. घर जुने, तारा त्याहून जुन्या वाटत. भाताच्या घरात उंदीर नसतील तर कुठे असतील? त्यांनी तारांवरचे रबर खाऊन टाकले होते. भिंतीला हात लावला की शेठाणीच्या हाताला झिणझिण्या येत. म्हणून शेठने घरभर नव्या तारा घालायला मिस्त्रींना आणले.

कौलांखालच्या माळ्यावर सरपटत जायला बारीक माणूस हवा होता. गिरणीतले गडी म्हणाले, वर भूत आहे. मी गेले. भूत नव्हते, लेंड्या होत्या. जुनी तार मी वरून सोडायची, मिस्त्रींनी खालून ओढायची, मग तिच्या जागी नवी द्यायची. असे आमचे काम जमले.

मिस्त्रींसारखी माणसे तुम्ही पाहिली असतील. बोलणे मऊ आणि हट्ट लोखंडाचा. एक खिळा वाकडा बसला तर अख्खी पट्टी काढत. दुपारी भाकरी आणि सुकट घेऊन गिरणीच्या पत्र्याखाली जात, कारण शेठच्या घरात मासळीचा वास चालत नसे. “शेठचं जेवण चांगलं,” ते म्हणत, “पण त्याला वास नाय.” काम झाले की भिंतीला कान लावून उभे राहत. मी विचारले, काय ऐकता? म्हणाले, “काय नाय. थंड लागते भिंत.”

पण रंगाचे मला कळेना. प्रत्येक दिव्याला दोन तारा, एक लाल, एक काळी. बटण लालवर बसवायचे. ते चुकून काळ्यावर बसले, तरी दिवा लागतो आणि विझतोही, म्हणून चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. फक्त दिवा विझल्यावरही वरच्या होल्डरात वीज राहते. हे मला मिस्त्रींनीच शिकवले आणि लाल कुठली ते मात्र दर वेळी मलाच विचारत.

शेवटी मी माळ्यावरून डोके खाली काढून म्हटले, “मिस्त्री, तुमाला दिसत नाय का?”

“सगळं दिसतंय. तुझ्या केसातलं जाळं बी दिसतंय.”

“लाल?”

त्यांनी पकड खाली ठेवली. मग म्हणाले, “पिकली मिरची नि सुकलं पान मला एकच, बाय. जन्माचं हाय. रेल्वेत होतो तेव्हा डोळे तपासले नि कामावरनं घालवला. कुणाला बोलू नको गो. एकदा कळलं का हातात पकड कोण देनार नाय.”

“मला काय पडलंय,” मी म्हटले. आणि कोणाला बोलले नाही.

त्यानंतर मी गुंडाळी सोडली की लाल तारेच्या टोकाला पांढरा दोरा बांधायची. मिस्त्री दोऱ्यावर चालत. कोणी विचारले, हा दोरा कशाला, तर ते गंभीर तोंडाने सांगत, “आमच्यात पद्धत हाय.” शेठाणीने त्या दोऱ्यांना हळद लावायला घेतली होती. मी वाटी काढून घेतली.

शेठाणीचे आणखी एक सांगायला हवे. आमच्याकडे कंदिलाची काच रोज तिन्हीसांजेला उतरवून राखेने घासायची रीत. शेठाणी विजेच्या दिव्यालाही तेच करी. स्वयंपाकघरात चुलीचा धूर. ती बटण बंद करी, पाटावर चढे, दिवा काढून राखेने घाशी आणि ओला फडका बोटावर घेऊन होल्डरच्या तोंडातली काजळी पुशी. मिस्त्री ओरडून थकले. “बाईसाहेब, तो कंदील नाय!” ती म्हणे, “काळं ते काळंच. घरात लक्ष्मी यायची आहे.”

दिवाळी जवळ आली तेव्हा नेमकी भातकापणी लागली. मी भावाकडे किन्हवलीला गेले. जाताना मिस्त्रींना सांगितले, स्वयंपाकघराला हात लावू नका. त्यांनी मान हलवली. पण धनत्रयोदशीला दिवे लागलेच पाहिजेत म्हणून शेठ त्यांच्या मागे लागला.

मी परत आले ती धनत्रयोदशीच्या दुपारी. स्वयंपाकघर झाले होते. तारांवर लाकडी पट्ट्या ठोकून वर रंग दिला होता. फक्त बटणाचे एक झाकण उघडे होते. त्याखाली मिस्त्री बसून होते.

“बघ जरा,” म्हणाले.

मी पाहिले. दोरा काळ्या तारेवर होता.

“हे दोरे कोणी बांधले?”

“मीच. अंदाजानं.”

“उलटं झालंय.”

“बाकीचं?”

“बाकीचं पट्टीखाली. मला काय भिंतीतून दिसतं?”

शेठाणी चुलीशी बसून राख चाळत होती. सांजेला इंजिनाची वीज घरात सोडायची, शेठाणी दिवा लावून विझवणार, आणि मग ओला फडका थेट विजेत. मला दुसरे काही सुचेना. मी हळूच म्हटले, “शेठला सांगू, नवी तारपण उंदरानं खाल्ली. पट्ट्या काढू.”

मिस्त्री उठले. “उंदरांच्या माथी पयलंच लय घातलंय शेठनं. माझं कशाला घालू? आन् उद्या दुसऱ्या घरी कोण उंदीर सांगू?”

ते सरळ ओटीवर गेले. मी मागोमाग. शेठ तक्क्याला टेकला होता, शेजारी मुनीमजी. मिस्त्री उभ्याने म्हणाले, “शेठ, मला लाल रंग कळत नाय. सैपाकघर चुकलंय. उघडायला लागंल.”

शेठला आधी ते खरे वाटेना. त्याने डोक्यावरची लाल पगडी काढून पुढे धरली. “ही कसल्या रंगाची?”

मिस्त्रींनी नीट पाहिले. “मळकी हाय, शेठ.”

मुनीमजी हसला. शेठ नाही हसला. “मग इतके दिवस लाल कोण बघत होतं?”

“मी,” मी म्हटले. “आणि बाकीचं घर बरोबर आहे. आता बोलत बसाल तर सांज होईल.”

शेठने ‘उघडा’ म्हणून हात झटकला. आम्ही पट्ट्या उपटल्या. ओला रंग हाताला लागत होता. मी मोठ्याने सांगत होते, “लाल! काळी! हीपण उलटी!” लपवायचे काही उरले नव्हते, त्यामुळे काम भराभर झाले. दिवेलागणीला दिवे लागले. शेठाणीने दिवा विझवला, पाटावर चढली, फडका फिरवला आणि खाली उतरून म्हणाली, “आता कसं स्वच्छ!” मिस्त्री तोवर दाराला धरून उभे होते. मग खाली बसून त्यांनी पाणी मागितले.

शेठने त्यांना वाईट वागवले नाही. पण मुनीमजीने पगडीची गोष्ट बाजारभर केली. एका जंगल ठेकेदाराने मिस्त्रींना कामाला बोलावणे धाडले होते, ते परत घेतले. मिस्त्रींना शहापुरात पुन्हा काम मिळाले नाही. त्या घरातल्या तारांचे मात्र पुढे मीच पाहत आले. बाईमाणूस म्हणून कोणी नाक मुरडले तर मी त्याला शिडी धरायला लावी.

मिस्त्री मुरबाडला गेले. तिथे वीज नव्हती. त्यांनी गॅसबत्त्या दुरुस्त करायचे दुकान टाकले आणि लग्नकार्याला बत्त्या भाड्याने देऊ लागले. एकदा बाजाराच्या दिवशी मी गेले होते. मिस्त्री मांडीवर बत्ती घेऊन पंप मारत होते.

“कसं चाललंय?” मी विचारले.

“झ्याक. हिच्यात लाल-काळं नाय. पेटली तर पेटली.” मग बत्ती पुसत म्हणाले, “बाईसाहेब अजून फडका मारतात?”

“रोज.”

“मारू दे,” ते म्हणाले आणि खूश दिसले.

त्यानंतर लढाईच्या दिवसांत मुनीमजीने मुलीचे लग्न मुरबाडला केले. शेठच्या घरचे आम्ही सगळे गेलो. मांडवात बत्त्या घेऊन दुसराच माणूस आला. मिस्त्री पावसाळ्यात तापाने गेले, असे त्याने सांगितले. मी बत्तीजवळ उभी राहिले. ती भपकत होती.

मुनीमजी पंगतीत तूप वाढत फिरत होता. त्याने ऐकले आणि हळहळला. “भला माणूस. पण वेडा. गप बसला असता तर शहापुरात बंगला बांधला असता. कोणाला कळणार होतं?”

मी मान वळवली. पलीकडच्या ओळीत शेठाणी धडधाकट बसली होती. जिलबी संपत आली तरी वाढपी तिच्याकडे वळेना, म्हणून ती पानावरून अर्धी उठून मोठ्याने त्याला हाका मारत होती.